म्हाळूची शेवंती

फुलांवर जगणाऱ्या एका गावात म्हाळू नावाचा माळी राहायचा. त्याच्या आईने लग्नात माहेरची आठवण म्हणून पिवळ्या शेवंतीची एक काशी ओटीत बांधून आणली होती. काशी म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणारं कोवळं रोप. बहर संपला की म्हातारी काश्या काढून गावभर वाटायची. मागेल त्याला काशी द्यायची, ही गावाची रीतच होती. म्हातारीचं स्वतःचं मागणं एवढंच होतं, "मी गेले की तिरडीवर माझी शेवंती घाल."

एकदा दूरदेशी फिरून आलेला व्यापारी वाफ्यापाशी थांबला. म्हणाला, "यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या देशात याला सोन्याचं फूल म्हणतात. सोनं आणि फूल, दोन शब्द जोडून नाव केलंय. पिवळं दिसलं, म्हणून दिलं." पाणी पिऊन तो आपल्या वाटेने गेला. म्हाळूच्या डोक्यात मात्र सोनं शिरलं.

दुसऱ्या दिवशी हा शहाणा घरोघर फिरला. "काश्या आमच्या घरच्या, परत करा." दिलेलं परत मागणाऱ्याच्या तोंडी कोण लागणार? लोकांनी मुकाट्याने रोपं उपटून दिली. शेजारच्या सगुणाचं घर देवीच्या हारांवर चालायचं. एक तरी काशी राहू दे म्हणून तिने हात जोडले.

"सोनं कुणी वाटतं का, सगुणाबाई?" म्हाळू म्हणाला.

आई म्हणाली, "लेका, वाटल्या म्हणून टिकल्या त्या." पण ऐकतो कोण! त्याने वाफ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

त्याच पावसाळ्यात शेवंतीला मर लागली. मुळं काळी पडली, पंधरा दिवसांत सगळा वाफा कुजला. पूर्वीही एकदा असं झालं होतं. तेव्हा शेजारून काशी आणून वाफा पुन्हा उभा केला होता.

दिवाळी झाली आणि म्हातारी गेली. तिरडी अंगणात बांधून ठेवली आणि म्हाळू दारोदार फिरला. कुणाकडे शेवंतीचं पान नव्हतं. शेवटी तो सगुणाच्या दारात उभा राहिला.

"एक फूल दे गं. आईसाठी."

सगुणा रडत होती. म्हातारीवर तिचाही जीव होता. "कुठून देऊ? तूच नेलीस ना."

म्हाळू रिकाम्या हातांनी परत आला. आईची तिरडी त्याने बिनफुलांचीच खांद्यावर घेतली.

तात्पर्य: वाटलेलं शेजारच्या दारी जगतं, एकट्याने कोंडून ठेवलेलं एकदा गेलं, की मागायलाही दार उरत नाही.