शेवटची तिळी आणि तिची घंटी

टेकडीच्या पायथ्याशी एक बांध. बांधात एक बीळ. बिळात एक चिचुंद्री. तिला चार लेकी.

बाजरी, नाचणी, राळी आणि तिळी.

बाजरी सगळ्यात मोठी. तिळी सगळ्यात धाकटी. तिळी एवढीशी. तिळाएवढीच म्हणा ना.

चिचुंद्र्यांना लांबचं दिसत नाही. म्हणून त्या रांगेनं चालतात. आई पुढे. आईची शेपटी बाजरीच्या तोंडात. बाजरीची नाचणीच्या. नाचणीची राळीच्या. राळीची तिळीच्या. कुणी हरवत नाही.

पण सायकलवर शेपटी कशी धरणार?

म्हणून आईनं एक नियम केला होता. आईची सायकल पुढे. शेवटच्या सायकलला घंटी. वळण आलं की आई विचारणार, "आहेत का सगळ्या?"

शेवटची घंटी वाजवणार. ट्रिंग.

घंटी वाजली की पुढे जायचं. घंटी वाजली की डबा उघडायचा. घंटी नाही, तर काही नाही. आहे तिथे थांबायचं.

एका रविवारी सगळ्या निघाल्या. टेकडीवरच्या देवळापर्यंत जायचं. डब्यात भाकरी. डब्यात चटणी. डब्यात गूळ.

आई म्हणाली, "आज शेवटची तिळी."

तिळीची छाती फुगली. तिला घंटी मिळाली. तिनं घंटी चिंचेनं घासली. घास घास घासली. घंटी चकचक चकचक. त्यात तिळीचं नाक दिसलं. लांबच लांब.

मग तिनं घंटी सायकलला लावली. पण स्क्रू घट्ट पिळला नाही. पिळला असता तर घंटीवर बोटांचे ठसे उमटले असते ना.

निघाल्या. गरगर गरगर गरगर.

पहिलं वळण. "आहेत का सगळ्या?" ट्रिंग.

दुसरं वळण. "आहेत का सगळ्या?" ट्रिंग.

मग आला खडबडीत रस्ता. खडखड खडखड खडखड. सायकल उडाली. घंटी निघाली. टुणुक टुणुक टुणुक. गेली थेट करवंदाच्या जाळीत.

तिळी थांबली. बाकीच्या गेल्या पुढे.

वरून आईचा आवाज आला. "आहेत का सगळ्या?"

तिळी ओरडली, "चीं." आवाज एवढासा. तो वाऱ्यानंच खाल्ला.

वरती देवळापाशी आई थांबली. बाजरी थांबली. नाचणी थांबली. राळी थांबली. डबाही थांबला.

तिळी जाळीपाशी गेली.

"जाळीबाई, जाळीबाई, घंटी दे.
घंटी वाजली की डबा उघडेल.
वरती सगळ्या उपाशी आहेत."

जाळी म्हणाली, "कोण गं तू?"

"मी तिळी. आज मी शेवटची."

"शेवटची? आणि एवढा तोरा?" जाळी सळसळली. "मी कशी देऊ घंटी? माझा पाला गच्च. माझे काटे गच्च. आत शिरलीस तर नाकाला टोचेल. नाक केवढं लांब तुझं. शेळीला सांग पाला खायला. मग देईन."

तिळी निघाली. गरगर गरगर गरगर. उतारावर शेळी होती.

"शेळीताई, शेळीताई, पाला खा.
पाला खाल्ला की जाळी उघडेल.
जाळी उघडली की घंटी मिळेल.
घंटी वाजली की डबा उघडेल.
वरती सगळ्या उपाशी आहेत."

शेळी म्हणाली, "कोण गं तू?"

"मी तिळी. आज मी शेवटची."

"बें. मी तर एकटीच. मीच पहिली, मीच शेवटची." शेळीनं मान हलवली. मान हललीच नाही. "मी कशी खाऊ पाला? गोल गोल फिरले. दावं झाडाला गुंडाळलं. आता हलता येईना. मावशीला सांग दावं सोडायला. मग खाईन."

तिळी निघाली. गरगर गरगर गरगर. खाली चहाची टपरी होती. टपरीत शेवंतामावशी होती. शेळी तिचीच.

"मावशी, मावशी, दावं सोडा.
दावं सुटलं की शेळी पाला खाईल.
पाला खाल्ला की जाळी उघडेल.
जाळी उघडली की घंटी मिळेल.
घंटी वाजली की डबा उघडेल.
वरती सगळ्या उपाशी आहेत."

मावशी खाली वाकली. "अगं बया. एवढीशी सायकल? काडेपेटीतनं काढलीस का काय? कोण गं तू?"

"मी तिळी. आज मी शेवटची."

"असू दे बाई. पण मी कशी येऊ? पाणी उकळतंय बुडबुड बुडबुड. दूध नाही. गिऱ्हाईक खोळंबलंय. टपरी सोडली तर उठून जाईल. भिवाकाकांना सांग दूध आणायला. चहा झाला की दावं सोडते."

तिळी निघाली. गरगर गरगर गरगर. पार खाली आंब्याचं झाड होतं. झाडाखाली दूधवाले भिवाकाका होते. काकांची सायकल मोठी. तिला दोन किटल्या. पण मागचं चाक बसलेलं. चपट.

"काका, काका, दूध आणा.
दूध आलं की दावं सुटेल.
दावं सुटलं की शेळी पाला खाईल.
पाला खाल्ला की जाळी उघडेल.
जाळी उघडली की घंटी मिळेल.
घंटी वाजली की डबा उघडेल.
वरती सगळ्या उपाशी आहेत."

काका म्हणाले, "कोण गं पोरी तू?"

"मी तिळी. आज मी शेवटची."

"मग आपली जोडी जमली. मीही आज सगळ्यांच्या मागंच राहिलोय. पंक्चर झालंय. कसं आणू दूध? समोर चाचाचं दुकान. पण चाचा हातच लावत नाही. तूच सांग त्याला. चाक फुगलं की निघालो."

तिळी रस्ता ओलांडून गेली. गरगर गरगर गरगर. दुकानात दस्तगीरचाचा होता. हातात पाना. पुढ्यात रिकामं घमेलं.

"चाचा, चाचा, चाक फुगवा.
चाक फुगलं की दूध येईल.
दूध आलं की दावं सुटेल.
दावं सुटलं की शेळी पाला खाईल.
पाला खाल्ला की जाळी उघडेल.
जाळी उघडली की घंटी मिळेल.
घंटी वाजली की डबा उघडेल.
वरती सगळ्या उपाशी आहेत."

चाचा म्हणाला, "कोण गं तू?"

"मी तिळी. आज मी शेवटची."

"वा बेटी. पण चाक कसं फुगवू? आधी भोक सापडायला हवं. ट्यूब पाण्यात बुडवायची. बुडबुडे आले की तिथं भोक. आणि पाणी? पाणी या दारातल्या म्हशीनं पिऊन टाकलं. घमेलं चाटूनपुसून साफ. हापशीला सांग पाणी द्यायला. मग काढतो पंक्चर."

तिळी निघाली. गरगर गरगर गरगर. दुकानामागे हापशी होती. उंच. लोखंडी. तिला मोठा दांडा.

"हापशीबाई, हापशीबाई, पाणी दे.
पाणी आलं की भोक सापडेल.
भोक सापडलं की चाक फुगेल.
चाक फुगलं की दूध येईल.
दूध आलं की दावं सुटेल.
दावं सुटलं की शेळी पाला खाईल.
पाला खाल्ला की जाळी उघडेल.
जाळी उघडली की घंटी मिळेल.
घंटी वाजली की डबा उघडेल.
वरती सगळ्या उपाशी आहेत."

हापशी म्हणाली, "कोण गं तू?"

"मी तिळी." या वेळी आवाज जरा बारीक झाला. "आज मी शेवटची."

"दांडा दाबून बघ, शेवटचे."

तिळी चढली दांड्यावर. उड्या मारल्या. टुणुक टुणुक टुणुक. दांडा हलला. किर्र. तिळी धावत तोटीखाली गेली. तोंड वर केलं.

फुस्स.

पाणी नाही. नुसती हवा.

"बघितलंस?" हापशी म्हणाली. "उन्हाळा आहे. पाणी खोल गेलंय. माझ्याकडे नाही. आणि मी तुला पुढे कुणाकडे पाठवू? माझ्यापुढे कुणीच नाही."

तिळी खाली बसली. आता कुणाला सांगायचं? वरती आई थांबली होती. बाजरी, नाचणी, राळी थांबल्या होत्या. पोटं रिकामी.

फुस्स. तोटीतून आणखी थोडी हवा आली. तिळीच्या मिशा हलल्या.

तिळी ताठ बसली.

"हापशीबाई, परत कर."

फुस्स. मिशा हलल्या. तिळीला हवा दिसली नाही. पण मिशांना कळली.

तिळी निघाली. या वेळी फार जोरात. गरगरगरगरगरगर.

"चाचा, पाणी नको. बुडबुडे नको. ट्यूबमध्ये हवा भरा. भोक मी शोधते."

चाचा हसला. "अगं, मला चष्मा लावूनही दिसत नाही. तुला काय दिसणार?"

"मला काहीच दिसत नाही," तिळी म्हणाली. "मला मिशा आहेत."

भिवाकाका सायकल घेऊन आले. चाचानं ट्यूब बाहेर काढली. हवा भरली. फसाक फसाक फसाक. ट्यूब फुगली. तिळी ट्यूबवर चढली. नाक खाली. मिशा पुढे. तुरुतुरु निघाली.

"इथे नाही."

तुरुतुरु.

"इथे नाही."

तुरुतुरु.

"इथेही नाही."

काका म्हणाले, "राहू दे पोरी. दमलीस."

तिळी थांबली नाही. तुरुतुरु तुरुतुरु. आणि मिशा हलल्या. फुस्स.

"इथे."

चाचानं बोट ठेवलं. डोळे बारीक केले. सुईच्या टोकाएवढं भोक. "बरोब्बर. इथंच आहे." मग तो म्हशीकडे बघून म्हणाला, "आता पी पाणी खुशाल. पाण्यावाचून काही अडत नाही."

चाचानं भोकावर पॅच लावला. थाप थाप थाप. ट्यूब बसवली. हवा भरली. चाक फुगलं. टम्म.

काका म्हणाले, "बस किटलीवर. सोडतो तुला टपरीपर्यंत."

"नको," तिळी म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा. मी मागून येते. मी शेवटची."

पुढे मोठी सायकल. मागे छोटी सायकल. गरगर गरगर गरगर.

दूध आलं. चहा झाला. गिऱ्हाईक बसून राहिलं. मावशी पदराला हात पुसत उठली. "चल गं, काडेपेटीवाले."

पुढे मावशी. मागे तिळी.

दावं सुटलं. शेळीनं मान हलवली. मान हलली. "बें," शेळी म्हणाली. "किती बरं वाटलं." मावशी टपरीकडे परतली. शेळी जाळीकडे निघाली.

पुढे शेळी. मागे तिळी.

शेळीनं पाला खाल्ला. कचकच कचकच कचकच. काटे सोडले, पाला खाल्ला. एक फांदी वर गेली. एक फांदी बाजूला झाली. जाळी उघडली.

टिंग. घंटी बाहेर पडली.

"घे बाई तुझी घंटी," जाळी म्हणाली. "मला तरी काय करायची? मला कुणाला कुठं बोलवायचंय?" आणि तिनं एक करवंदही दिलं.

तिळीनं घंटी सायकलला लावली. स्क्रू पिळला. मग घंटी मुठीत धरून आणखी पिळला. मग दोन्ही हातांनी पिळला. घंटीवर बोटांचे ठसेच ठसे. ठसे पुसायला तिळी थांबली नाही.

आता चढ. मोठा चढ. गर… गर… गर… तिळी उतरली नाही. गर… गर… गर… तिळी थांबली नाही.

वरती देवळापाशी सगळ्या बसल्या होत्या. मधे डबा. डब्यावर आईचा हात.

बाजरी म्हणाली, "आई, नुसतं झाकण उघडू?"

"नाही."

"नुसता वास घेऊ?"

"नाही. घंटी वाजू दे."

राळी म्हणाली, "आई, तिळी येईल ना?"

आईनं कान वर केले. ती वाऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "आहेत का सगळ्या?"

सगळं गप्प. पानसुद्धा गप्प.

ट्रिंग.

आईनं विचारलं, "आहेत का सगळ्या?"

ट्रिंग ट्रिंग ट्रिंग. आणि वळणावरून आली एवढीशी सायकल. सायकलवर एवढीशी तिळी. नाक वर. छाती पुढे.

आईनं तिला हुंगलं. दोनदा हुंगलं. दुधाचा वास. पाल्याचा वास. रबराचा वास. मग आईनं घंटीला हात लावला.

"किती गं ठसे."

"हो," तिळी म्हणाली.

आईनं घंटी हलवून पाहिली. ती हलली नाही.

"पण घट्ट आहे हो."

"मीच पिळली," तिळी म्हणाली.

आईनं डब्यावरचा हात उचलला. डबा उघडला. भाकरी सगळ्यांना. चटणी सगळ्यांना. करवंद सगळ्यांना, एकेक चावा. आणि गुळाचा मोठा खडा तिळीला.

पोटं भरली. घरी निघायची वेळ झाली. आई सायकलवर बसली. मागे वळून म्हणाली, "चला, रांग करा."

रांग काही होईना. बाजरी मागे गेली. नाचणी तिच्या मागे गेली. राळी तिच्याही मागे गेली.

"मी शेवटची," बाजरी म्हणाली.

"मी शेवटची," नाचणी म्हणाली.

"मी, मी शेवटची," राळी म्हणाली.

आई म्हणाली, "शेवटची जागा ज्याला त्याला नाही मिळत. आज शेवटची कोण?"

सगळ्यांच्या मागून आवाज आला.

ट्रिंग.

निघाल्या मग उतारावरून. गरगर गरगर गरगर. काकांना चाक मिळालं, शेळीला पाला मिळाला, तिळीला घंटी मिळाली. आणि तुम्हाला गोष्ट मिळाली. आता सांगा बघू, आहेत का सगळे?