काचेचं वाचनालय

आमच्या कॉलेजचे अध्यक्ष बापूसाहेब गावंडे परदेश फिरून आले आणि त्यांना काचेचं वेड लागलं. अकोल्याकडच्या उन्हात त्यांना चारी बाजूंनी काचेचं वाचनालय हवं होतं, आणि त्यासाठी आवारातला जुना कडुनिंब तोडायचा होता. इमारतीचं काम पाहणाऱ्या आर्किटेक्ट रेवती इंगळे यांचा आराखडा वेगळा होता. त्यात जाड विटांच्या भिंती होत्या, भोवती रुंद व्हरांडा होता आणि मधल्या चौकात तोच कडुनिंब होता. "ही तर धर्मशाळा झाली," म्हणत बापूसाहेबांनी तो दोनदा परत पाठवला होता.

शेवटचा निर्णय द्यायला ते मे महिन्यात भर दुपारी आवारात आले. उतरता उतरता ड्रायव्हरवर ओरडले, "पुंडलिक, गाडी निंबाखाली लाव बे! चारी बाजूनं काच हाय, घडीभरात भट्टी होते तिची."

मग ते रेवतीबाईंकडे वळले. "बाई, काचेचंच पक्कं करा. झाड उद्या पाडू."

"करते ना साहेब," रेवतीबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त एवढं सांगा, ऊन चढलं की हे वाचनालय कोणत्या झाडाखाली लावायचं?"

बापूसाहेबांनी गाडीकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं. घाम पुसला.

"पुंडलिक," ते म्हणाले, "गाडी काढ तिथून. बाईले झाड मधात धरून आखणी करायची हाय."