शोकसभेतला ब्राइटनेस

माझा थोरला भाऊ सुदाम सभापतींच्या वाढदिवसाचा फ्लेक्स विजेच्या खांबावर बांधताना करंट लागून मेला. त्याची शोकसभाही सभापतींनीच ठेवली. भिंतीवर प्रोजेक्टरने दोघांचा एकत्र फोटो लावला होता. त्यात सुदाम उन्हात उभा होता आणि सभापती मांडवाच्या सावलीत.

भाषण मध्येच थांबवून सभापती माझ्यावर खेकसले, "अरे ए, माझं तोंड काळं दिसतंय. ब्राइटनेस वाढव की!"

रिमोट माझ्या हातात होता. मी वाढवला.

"अजून!"

आणखी वाढवला. सभापतींचा चेहरा उजळला, पण सुदामचं तोंड पांढरं होत होत भिंतीत मिसळून गेलं. पुढे बसलेली आई ओरडली, "माझा सुदाम कुठं गेला रं?"

"जरा दम धरा, मावशी," सभापती म्हणाले. "आता झकास दिसतंय. राहू दे असंच."

माझं डोकं फिरलं. "साहेब, तुम्हाला उजळवायचं म्हणजे माझा भाऊ जाणारच," मी म्हणालो. "खांबावर पण हेच झालं."

मी ब्राइटनेस उतरवला. सुदाम भिंतीवर परत आला. आई त्याच्या गालावरून हात फिरवायला उठली, तर तिच्याच हाताची सावली त्याच्या तोंडावर पडली.