पाठकोऱ्या कागदातली पिन

कचेऱ्यांत लेझर प्रिंटर नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. एका प्रिंटरात कागद आत ओढणारा म्हातारा रोलर आणि अक्षरं उमटवणारा ड्रम शेजारी राहत. ड्रमची कातडी आरशासारखी गुळगुळीत, पण फार नाजूक.

तिथले सबनीस भाऊसाहेब काटकसरी. पाठकोरे कागद ट्रेमध्ये भरायचे, पण त्यांतल्या पिना काढायचं राहून जायचं. रोलरला पिन लगेच बोचायची. मनात आणलं तर तो कागद तिथेच अडवू शकत होता. पण कागद अडकला की भाऊसाहेब म्हणत, "रोलर झिजला, बदलायला हवा." म्हणून तो निमूट कागद पुढे ढकलायचा.

"दादा, पिन आली तर थांबवा हो," ड्रम विनवायचा. "माझी कातडी सोलली तर परत येत नाही."

"माझं काम ओढायचं. पुढचं मला सांगू नकोस."

एक दिवस पिन ड्रमला ओरबाडत गेली. प्रत्येक कागदावर काळी रेघ येऊ लागली. मेकॅनिकने ड्रम काढून कचऱ्यात टाकला.

नवा ड्रम आला. "दादा, इथे कशाची भीती नाही ना?" त्याने विचारलं.

तेवढ्यात ट्रेमध्ये पाठकोऱ्यांचा गठ्ठा पडला. पहिल्याच कागदाची पिन रोलरला बोचली.

"नाही रे," म्हणत त्याने कागद ओढला.