मगदूमशेठचा हत्ती

कुपवाडच्या हौसाक्का घरीच खिडक्यांच्या जाळ्या करायच्या. पत्रा कापायला स्वस्तातलं, लहान प्लाझ्मा कटर घ्यायला मगदूमशेठच्या दुकानात गेल्या, तर शेठ चारचौघांत हसले.

"अक्का, ते खेळणं हाय! हे मोठं न्या, बोटभर जाड लोखंड कापतंय."

"माझ्या घरी कापून दाखवा, हेच घेते. नाही जमलं तर ते लहान तुम्ही स्वतः आणून जोडून द्यायचं."

शेठनी टेम्पोतून धूड आणलं, चौघांकडून उतरवलं आणि भिंती न्याहाळत विचारलं, "थ्री फेजची लाईन कुठाय? त्याशिवाय हे चालू होत नाही."

"घरात कुठली आलीय थ्री फेज?" अक्का म्हणाल्या. "चारा शेळीपुरता असला की दावणीला हत्ती बांधत नसतात, शेठ. जावा, खेळणं घेऊन या."