कबऱ्याचे रिकामे ताट

एकदा एका वृद्ध वैद्याच्या अंगणात, भर वैशाखात, एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीतून आधी गावातले गुळाचे सर्वांत मोठे व्यापारी उतरले आणि मागोमाग दोन गड्यांनी रोग्याला अलगद उचलून खाली ठेवले. रोगी म्हणजे शेठजींचा म्हातारा कुत्रा, कबऱ्या.

या कबऱ्याची हकिकत साऱ्या गूळपेठेला पाठ होती. सात वर्षांपूर्वी शेठजींची तीन वर्षांची नात परसातल्या हौदात पडली. दुपारची वेळ, घरदार जेवून आडवे झालेले. कबऱ्याने भुंकून भुंकून घर उठवले आणि मुलगी वाचली. त्याच संध्याकाळी शेठजींनी देवापुढे संकल्प सोडला की, या जिवाचे ताट जन्मात कधी रिकामे दिसणार नाही. वेलबुट्टीचे नक्षीदार पितळी ताट मुद्दाम घडवून घेतले. ते ओसरीच्या पायरीशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या सहज नजरेस पडेल असे मांडले. सुनांना ताकीद दिली की तळ दिसायच्या आत भर घालायची. ताटात दूधभात, आणि घर गुळाचे म्हणून वर गुळाचा खडा. सकाळच्या भातावर दुपारचा, दुपारच्यावर संध्याकाळचा. श्रीमंताघरच्या प्रेमाला आवर कोण घालणार?

"वैद्यबुवा, तीन दिवस झाले, अन्नाला शिवत नाही," शेठजी सांगू लागले. "ताटाशी जातो, हुंगतो, मान फिरवतो. नात रोज विचारते, आजोबा, कबऱ्या बरा होईल ना? याचं काही बरंवाईट झालं तर त्या पोरीला मी तोंड कसं दाखवू?"

वैद्यांनी कबऱ्याचे पोट चाचपले, हिरड्या पाहिल्या, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. मग त्यांची नजर गाडीतून आणलेल्या ताटाकडे गेली. ताट संकल्पाप्रमाणे भरलेले होते, आणि त्याच्यासोबत माशाही फुकट गाडीत बसून आल्या होत्या. बारा वर्षे हाताखाली शिकलेल्या शिष्याकडे वळून वैद्य म्हणाले, "हा रोगी तुझा."

शिष्य हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊकही होते. त्याने घटकाभरात निदान केले. "गुरुजी, याच्या पोटात काही दोष नाही. माशांमुळे अन्नाची शिसारी बसली आहे. माशा घालवल्या की जेवेल."

"निदान बरोबर आहे," वैद्य म्हणाले. "आता उपचार कर."

पहिल्या दिवशी शिष्याने कडुनिंबाचा डहाळा घेतला आणि ताटावर वारा घालीत बसला. माशा इकडून उठत आणि तिकडे बसत. डहाळा आपल्याच पाठीत बसणार असे वाटून कबऱ्या मात्र भिंतीशी सरकला. दुसऱ्या दिवशी शिष्याने गोवरीवर निंबाचा पाला टाकून धूर केला. माशा कमी झाल्या हे खरे, पण कबऱ्या शिंकत शिंकत अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि ताटाकडे फिरकेना. तिसऱ्या दिवशी शिष्याने पातळ मलमल आणून ताटावर ताणून बांधली. आता माशांना आत शिरता येईना, आणि कबऱ्यालाही. त्या संध्याकाळी कबऱ्या पाणी प्यायलासुद्धा उठला नाही. शिष्याने पाण्याचे भांडे त्याच्या तोंडाशी नेले. आपल्या पहिल्याच रोग्याचा प्राण आपल्या हुशारीत जाणार, हे त्याला स्वच्छ दिसू लागले.

"गुरुजी, माझं चुकतंय," तो म्हणाला, "पण काय चुकतंय ते कळत नाही."

"एवढं कळलं तरी पुष्कळ झालं," वैद्य म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळीच वैद्यांनी ताट उचलले. अंगणाच्या कडेला खड्डा खणून त्यातला सारा दूधभात पुरला आणि वर माती लोटली. मग चिंच आणि राख घेऊन ताट घासायला बसले. नक्षीच्या खोबणीत वाळून बसलेला भात बाभळीच्या काट्याने टोकरून काढला. ताट लख्ख झाल्यावर ते उन्हातल्या दगडावर उपडे घातले आणि आत जाऊन स्वस्थ बसले. दुपार झाली. कबऱ्यापुढे पाण्याखेरीज काही नव्हते.

तेवढ्यात शेठजी आले. उपडे ताट पाहताच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वैद्यबुवा, उपाशी जिवाच्या तोंडचा घास काढून घेतलात? सात वर्षांत हे ताट रिकामं दिसलं नव्हतं. तुम्ही तर उपडंच घातलंत. हा कुठला उपचार?"

"शेठ, बसा," वैद्य म्हणाले. "दिवस मावळेपर्यंत बसा. मग मला बोल लावा."

ऊन उतरले. शिष्याने अंगणात सडा घातला. वैद्यांनी चुलीवर मऊ भात शिजवला, निववला, त्यात ताजे ताक कालवले. गूळ घातला नाही. मूठभर भात ताटात घेऊन त्यांनी ते कबऱ्यापुढे ठेवले आणि शेजारीच मांडी घालून बसले. शिष्याचा हात सवयीने डहाळ्याकडे गेला आणि थांबला. हाकलायला माशीच नव्हती.

कबऱ्याने हुंगले. मान फिरवली. शेठजींनी डोळे मिटून घेतले. मग कबऱ्याने पुन्हा हुंगले आणि जिभेचे टोक भाताला लावले. एकदा. दुसऱ्यांदा. आणि मग लपालपा आवाज सुरू झाला, तसे शेठजींनी डोळे उघडले आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.

मूठभर भात संपताच वैद्यांनी ताट उचलले. कबऱ्याने शेपटी हलवली. आणखी एक मूठ वाढली, तीही संपली. तिसरी मूठ संपल्यावर कबऱ्या नक्षीची वेलबुट्टी चाटू लागला. ताट लगेच घासून झाले आणि पुन्हा दगडावर उपडे पडले.

वैद्यांनी विचारले, "शेठ, तुमच्या वखारीत माशा किती?"

"एक नाही," शेठजी डोळे पुसत अभिमानाने म्हणाले. "गुळाचा धंदा आहे, वैद्यबुवा. ढेप उघडी राहू देत नाही. फोडली तर तेवढी त्याच दिवशी संपवतो. खाली कण सांडला की लगेच ओलं फडकं. तीस वर्षांत माझ्या गुळाला माशी लागली असं कोणी म्हणू शकणार नाही."

"मग जे वखारीत कळतं ते ओसरीवर का कळलं नाही?"

शेठजींची नजर दगडावरच्या उपड्या ताटाकडे गेली. वैद्य सौम्यपणे म्हणाले, "रागावू नका. गूळ तुम्ही गिऱ्हाइकासाठी ठेवता, म्हणून त्याच्या तोंडाचा विचार करता. हे ताट मात्र तुम्ही स्वतःच्या नजरेसाठी भरून ठेवलं होतं. तुमची कृतज्ञता खरी आहे, पण तिचं लक्ष ताटावर राहिलं, जेवणाऱ्यावर नाही. भूक वेळेवर येते आणि वेळेवर जाते. ती गेल्यावर जे उरतं, ते उन्हात आंबतं, आणि त्याचे धनी वेगळेच असतात." मग शिष्याकडे वळून म्हणाले, "आणि तू तीन दिवस पाहुण्यांना हाकलत बसलास, पण त्यांचं बोलावणं काही मागे घेतलं नाहीस."

शिष्याने मान खाली घातली, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू होते. त्याचा रोगी वाचला होता.

पाच दिवसांनी कबऱ्या घरी निघाला तो गाडीत बसून नव्हे. गाडीच्या पुढे, बैलांच्याही पुढे, आपल्या चार पायांनी. पेठेच्या तोंडाशी नात उभी होती. तिला पाहून तो असा भुंकला की, दुकानादुकानांतून माणसे बाहेर आली. शेठजी मागून चालत होते, काखेत ते नक्षीदार ताट.

त्यानंतर त्या ओसरीवर दिवसातून दोनदा, ऊन नसताना, नात स्वतः बसून कबऱ्याला वाढी आणि तो उठला की ताट घासून दगडावर उपडे घाली. एकदा समोरच्या दुकानदाराने खोचकपणे विचारलेच, "काय शेठ, ताट रिकामं? संकल्प मोडला वाटतं?"

शेठजींनी पायरी उतरून ते ताट उचलले, उन्हात चमकेल असे साऱ्या पेठेपुढे उंच धरले आणि म्हणाले, "मोडला नाही, आज पुरा झाला. रिकामं आहे, कारण माझा कबऱ्या जेवलाय."

आपणही कुणासाठी ताट वाढतो, तेव्हा ते भरेपर्यंत थांबतो; ते रिकामे होईपर्यंत शेजारी बसतो का, एवढे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.