डाव्या हाताचा बाजार

राजेवळच्या जुन्या पेठेत माघ वद्य पंचमीला गेलात, तर आधी वाट चुकल्यासारखं वाटेल. दीपमाळेच्या पूर्वेला रोज फुलं, पानं, भाजी घेऊन बसणाऱ्या बाया त्या दिवशी पश्चिमेला दिसतात, आणि पश्चिमेचे भोई, बुरूड, चांभार पूर्वेला. त्यातून सगळे माल देतात तो डाव्या हाताने! नवखा पाहुणा दचकून हात मागे घेतो. मग पेठेतलं कुणी म्हातारं माणूस त्याला दीपमाळेच्या पायरीवर बसवून हैबती जिनगराची हकिगत ऐकवतं.

संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. थोरल्या महाराजांना नगरातल्या धंद्यांची चित्रं छापून हवी होती. गादीवरच्या माणसांची चित्रं काढायला शंभर चितारी मिळतात, पण तागडी धरलेल्या बाईचं चित्र हवं असणारा राजा विरळाच. काम चितारी म्हणून नाव असलेल्या हैबतीकडे आलं. तो चौकात महिनाभर बसला आणि त्याने एकेकाचा चेहरा हुबेहूब उतरवला. मधोमध दीपमाळ, दोन्ही अंगांना बैठका. महाराजांनी छापावर स्वतःची मोहर उठवली, हैबतीला शेला दिला आणि चित्र दप्तरखान्यात गेलं.

पंधरा वर्षांनी थोरले महाराज गेले. नवे कारभारी आले, त्यांना बग्गीसाठी रुंद रस्ता हवा होता. "चौक मोकळा करा," म्हणाले. पेठ हादरली. आमचे आजे-पणजे इथंच बसत, असं सगळे कळवळून सांगू लागले, तर कारभारी म्हणाले, कागद दाखवा. टोपली घेऊन बसणाऱ्यांकडे कागद कुठून असणार? तेव्हा हैबतीच पुढे झाला आणि म्हणाला, "सरकार, थोरल्या महाराजांच्या मोहरेचं चित्र आहे." चित्र निघालं. कारभाऱ्यांनी ते न्याहाळलं आणि हुकूम दिला, "उद्या सकाळी मी चौकात येतो. चित्रात जो जिथे, तो तिथेच बसलेला दिसला पाहिजे. तसूभर फरक निघाला, तर चित्र खोटं आणि चौक रिकामा."

पेठेत गूळ वाटला गेला म्हणे. हैबतीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. शिळाछापात दगडावर काढलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं, म्हणून छापणारा चितारी दगडावर मुद्दाम उलटं काढतो. हैबतीचा तो पहिलाच मोठा दगड. समोर दिसलं तसं त्याने सरळ काढलं, आणि छापात पूर्वेची रांग पश्चिमेला गेली. महाराजांच्या ध्यानात आलं नाही, आणि हैबतीने शेल्याच्या लोभाने ब्र काढला नाही. पंधरा वर्षं ही चूक त्याने पोटात ठेवली होती. आता तिच्यावर साठ घरांच्या चुली टांगलेल्या.

दिवेलागणीला त्याने दीपमाळेखाली सगळ्यांना जमवलं आणि पागोटं खाली ठेवून सगळं कबूल केलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. शेवटी येसू भोईण म्हणाली, "आता रडून काय व्हतंय? चित्र उलटं, तर आपन उलटं बसू."

सोपं नव्हतं ते. दोन्ही रांगांमध्ये पाण्याचीही देवघेव नव्हती. आणि चित्राप्रमाणे येसूच्या मासळीच्या फरशीवर कोंडाबाई फुलारणीला बसायचं होतं. कोंडाबाई देवीच्या हारांची मानकरी, सोवळ्याची कडक. "देवीची फुलं मी त्या फरशीवर ठिवू?" एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

पहाटे येसूने ती फरशी सात वेळा धुतली असं सांगतात. दोन्ही रांगा बदलून बसल्या, एक जागा तेवढी रिकामी. कारभाऱ्यांची बग्गी वेशीत आली तेव्हा कोंडाबाई पाटी घेऊन आली, कुणाकडे न बघता फरशीवर बसली आणि हार गुंफू लागली.

कारभारी चित्र हातात धरून एकेका चेहऱ्यापाशी थांबत चालले. हैबती मागे. सगळं जुळत होतं. येसूपाशी ते थबकले.

"चित्रात हिच्या डाव्या हातात तागडी आहे."

हैबतीने चित्रात डोकावलं. रांगा बदलल्या, पण हात? छापात हातही उलटले होते, आणि हे त्या शहाण्याला सुचलंच नव्हतं!

येसूने त्याचा पडलेला चेहरा पाहिला. तागडी डाव्या हातात घेत म्हणाली, "डावखुरीच हाय मी, सरकार." आणि तिने शेरभर मासळी तोलून दाखवली.

कारभारी समोर वळले. "आणि ही? देवीचा हार डाव्या हाताने देते?"

जन्मात कोंडाबाईने पाकळीसुद्धा डाव्या हाताने दिली नव्हती. तिने डोळे मिटले. काय पुटपुटली ते देवीलाच ठाऊक. मग डाव्या हाताने हार उचलून तिने तो खुद्द कारभाऱ्यांपुढे धरला.

"आमच्या पेठंत असंच देत्यात, सरकार."

त्याबरोबर दोन्ही रांगांतून साठ डावे हात पुढे आले. कुणाच्या हातात पान, कुणाच्या सूप, कुणाच्या वहाण.

कारभाऱ्यांनी त्या हातांवरून नजर फिरवली. मग त्यांनी हार घेतला, हुंगला आणि म्हणाले, "फुलांना मासळीचा वास येतोय, बाई." एवढं बोलून चित्राची गुंडाळी हैबतीच्या हातात दिली आणि बग्गीत बसले. रस्ता पुढे गावाबाहेरून गेला. त्यांना कळलं होतं की नाही, यावर पेठेत अजून भांडणं होतात.

बग्गी दिसेनाशी झाली तशी कोंडाबाईने फुलांची पाटी बाजूला सारली. घसा कोरडा पडला होता. तिची घागर घाईत घरीच राहिली होती. येसूने आपलं गाडगं उचललं आणि बिचकून तिथेच थांबली. कोंडाबाईने हात पुढे केला, डावाच.

"आन हिकडं," ती म्हणाली, आणि घटाघट पाणी प्यायली.

आजही माघ वद्य पंचमीला पेठ उलटी बसते. देवीचा पहिला हार मासळीच्या फरशीवर गुंफला जातो. पण त्याआधी फुलारणीच्या घरची बाई भोईणीच्या गाडग्यातलं पाणी पिते, आणि ती ते प्यायल्याशिवाय चौकात कुणी तागडी उचलत नाही.